जावेचा तिवर

हौसाबाईची गोष्ट सांगायची तर सुरुवात तिच्या जावेपासून करावी लागते. हे तिला कळलं असतं तर तिने मला पुन्हा अंगणात पाऊल टाकू दिलं नसतं, पण माझा इलाज नाही. सकाळी उठल्यावर हौसाबाई देवाला हात जोडायच्या आधी गंगुबाईच्या चुलीचा धूर बघायची. तो आपल्या आधी निघालेला दिसला की तिचा अख्खा दिवस नासायचा. हेवा आमच्या गावात सगळ्यांनाच होता, मलाही होता, अजून आहे. पण आम्ही तो सणासुदीला बाहेर काढायचो. हौसाबाईचा रोजच्या वापरातला होता.

गाव आमचं डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकाठावर. डोंबिवलीला स्टेशन नुकतं झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. गुणाजी आणि महिपत हे सख्खे भाऊ. हौसाबाई थोरल्या गुणाजीची बायको, माहेर मानपाड्याचं. गंगुबाई धाकट्या महिपतची, आंबिवलीकडची, गोरी आणि गोड बोलणारी. म्हातारा बाप गेल्यावर भावांनी वाटणी केली. घराच्या मधोमध कुडाची भिंत घातली, शेताच्या मधोमध बांध घातला, भांडी वाटली. एकच पाटा-वरवंटा होता, त्यात पाटा गुणाजीला गेला आणि वरवंटा महिपतला. त्यामुळे मसाला वाटायचा म्हटलं की एकीला दुसरीच्या दारात जावं लागायचं. दोघींचं बोलणं बंद असलं की दोन्ही घरांतलं कालवण पांचट व्हायचं, आणि जेवायला बसलेल्या भावांना न विचारता कळायचं की काय झालंय.

आता बांधाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच उभं होतं. आमची शेतं खाडीला लागून. बाहेर खारं पाणी, आत भात, आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. ज्याचं शेत त्याच्यासमोरचा बांधाचा तुकडा त्याचा. वैशाखात प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावर चिखल चढवायचा. बांधाच्या बाहेर, चिखलात, खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या तिवराची झाडी उभी होती. तीही ज्याच्या तुकड्यापुढे त्याची. वाळलेलं लाकूड वेचावं, शेळीला पाला काढावा, मुळांतल्या चिंबोऱ्या धराव्या, हव्या तर चार फांद्या छाटाव्या. खोडाला मात्र कोयता लावायचा नाही. उधाणाच्या लाटेचा जोर तिवर आपल्या अंगावर घेतो, म्हणून मातीचा बांध टिकतो, असं गुणाजीचा बाप सांगायचा. गुणाजीही तेच सांगायचा. त्याच्याकडे उघाडीची दारं सांभाळायचं काम होतं, म्हणजे ओहोटीला दार उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीच्या आधी बंद करायचं. माणूस कमी बोलणारा, आणि जे बोलायचा ते सोडायचा नाही. माझा तुकडा त्याच्या तुकड्याला लागूनच, म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मुंबई त्या वेळी नुसती फुगत चालली होती. तिला विटा हव्या होत्या, म्हणून कल्याणपासून मुंब्र्यापर्यंत खाडीकाठी भट्ट्या लागल्या होत्या, आणि भट्ट्यांना लाकूड हवं होतं. कल्याणचा त्र्यंबकशेट एक दिवस मचवा भरून मंगळुरी कौलं घेऊन आमच्या धक्क्याला लागला. लाकूड द्या, कौलं घ्या, असा त्याचा सरळ सौदा. लाल, सपाट, एकात एक अडकणारी कौलं आम्ही तोवर फक्त स्टेशनाजवळच्या एका घरावर पाहिली होती. आमची घरं पेंढ्याची. दर वर्षी शाकारायची आणि दर श्रावणात गळणारी.

महिपतने आपल्या तुकड्यापुढचा तिवर तोडला. खोडासकट तोडला. गुणाजी बांधावर उभा राहून ओरडला, तर महिपत म्हणाला, "दादा, गंगूचा मोठा पोर वल्ल्या घरानच खोकून गेला. आता हा धाकटा पन खोकतो. तू सांग, मी तिवर सांभालू का पोर?" गुणाजी मान खाली घालून उघाडीकडे चालू लागला. मीही बांधावरून उतरलो. कोरडं घर कोणाला नको असतं? आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळेच त्या कौलांकडे हावरटासारखे बघत होतो. मग आणखी दोन-तीन घरांनी फांद्या छाटल्या, एकाने थोडी खोडंही पाडली.

पण मी हौसाबाईची गोष्ट सांगतोय. एकाच घराच्या अर्ध्यावर लाल कौलं आणि अर्ध्यावर काळवंडलेला पेंढा, असं ते घर दिसायला लागलं. रस्त्याने जाणारा परका माणूससुद्धा थांबून बघायचा. दिसण्यापेक्षा हौसाबाईला छळलं ते ऐकू येण्याने. पेंढ्यावर पाऊस पडला तर आवाज येत नाही. कौलांवर येतो. आषाढात रात्रंदिवस कुडापलीकडे गंगुबाईचं छप्पर वाजत राहायचं, आणि अलीकडे हौसाबाई गळत्या जागी गाडगं ठेवून ते ऐकत बसायची. माझ्या बायकोला ती म्हणाली, "मुद्दाम वाजवते मेली."

पाऊस गंगुबाईच मुद्दाम पाडते असं काहीसं तिला वाटत होतं.

तिने गुणाजीच्या मागे भुणभुण लावली. आपलाही तिवर द्या, आपल्यालाही कौलं आणा. गुणाजी नाही म्हणाला. ती रुसली. त्याच्या ताटात मीठ घालायचं विसरायला लागली. तो अळणी जेवला पण कबूल झाला नाही. शेवटी एक दिवस ती स्वतःच कोयता घेऊन त्र्यंबकशेटच्या मचव्याशी गेली. आमचा तिवर तोडून देते, बोल, किती कौलं देशील? शेटने तिच्या तुकड्याकडे नजर टाकली आणि तोंड वाकडं केलं. आता लाकूड सगळीकडून येत होतं, त्याचा भाव उतरला होता. तो म्हणाला, पुढच्या उतारापुरती देतो, मागच्या उताराला पेंढाच ठेवा.

अर्धं छप्पर! गंगुबाईच्या पुऱ्या छपराला लागून आपलं अर्धं! म्हणजे गंगुबाई परसात आली की तिला मागचा पेंढा दिसणार आणि ती मनातल्या मनात हसणार. हौसाबाईने तिथेच त्र्यंबकशेटला सांगितलं, "नको तुजी कौलां. आमी सासऱ्याचा शबूद मोरनारे नाय." आणि ताठ मानेने घरी आली.

त्याच आठवड्यात गंगुबाई तिच्या दारात आली. तिला घरापुढे नवी पडवी काढायची होती. हातात वरवंटा होता, म्हणजे बोलणी गोडीची होती. "बाय," ती म्हणाली, "परवीला कौलां कमी परतान. तुमचा तिवर तसा उबाच हाय. जरा लाकरं देशील?"

तेव्हापासून हौसाबाई तिवराची राखणदार झाली. रोज संध्याकाळी कोयता कमरेला खोचून बांधावर चक्कर मारायची. शेळ्या हाकलायची, सरपणाला आलेल्या बायकांना हाकलायची, मलाही एकदा हाकललं. कारण एकच, आपल्या झाडाच्या लाकडावर गंगीची पडवी उभी राहता कामा नये. पण गावाला काय माहीत? गाव म्हणायला लागलं, हौसाबाई म्हणजे शहाणी बाई, म्हाताऱ्याचा शब्द तिनेच पाळला. गुणाजी तिच्याकडे असा बघायला लागला की तसं लग्नातही बघितलं नसेल. हौसाबाई ही स्तुती कुडाला तोंड लावून मोठ्याने सांगायची, पलीकडे जाईल अशी. आणि आता गंगुबाईचं तोंड उतरायचं. गंगुबाईने मग पडवीसाठी मांडवाला वापरतात तसले बांबू न घेता माहेराहून सागाचे वासे आणले, नुसत्या जिद्दीने. एकीची आग विझत नाही तोवर दुसरीची पेटायची.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी नारळी पुनवेला गाव बांधावर जमलं. भर दुपारची भरती, आणि वाराही सुटलेला. खाडीला नारळ द्यायचा, पाया पडायचं, की घरी जाऊन नारळीभात. गंगुबाईच्या नारळाला सोनेरी कागद होता. हौसाबाईच्या नव्हता. हौसाबाई त्या कागदाकडे बघत असतानाच महिपतच्या तुकड्याला खांड पडली.

समोर तिवर नव्हता. लाट थेट मातीवर आपटत होती. आधी चुलीच्या तोंडाएवढं भोक दिसलं, मग बांधाचा तो सगळा भागच बसला आणि खाडी आत शिरली. बायका किंचाळल्या. महिपत छातीवर हात मारत पाण्याकडे धावला.

त्या क्षणी माझी नजर हौसाबाईकडे गेली. खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला होता. चेहरा असा उजळला होता की सोनेरी कागद तिच्याच हातात असावा. गुणाजीचा तुकडा तिवरामागे शाबूत उभा होता, माझाही. गंगीचा तेवढा फुटला. पण हा आनंद फार टिकला नाही. पाणी आत आलं ते महिपतच्या शेतात थांबलं नाही. गुणाजीचं शेत सखल, ते आपसूक तिकडे वळलं, मधल्या बांधावरून उड्या मारत हौसाबाईच्या पोटरीएवढ्या भातात शिरलं. मग माझ्या. हौसाबाईचं तोंड मिटेना. वाटणी दोघा भावांनी केली होती, खाडीने मान्य केली नव्हती.

ओहोटी लागली की खांड बुजवायची, नाहीतर पुढच्या भरतीला ती रुंदावणार, आणि एकदा का खाऱ्या पाण्याने वाट पाडली की शेताचं खाजण व्हायला वेळ लागत नाही. मग कित्येक वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाणी ओसरायला लागल्यावर गुणाजीने सगळ्यांना कामाला लावलं. चिखल हवा तेवढा होता. पण नुसता चिखल वाहून जातो. आधी जाड खुंटांच्या मेढी ठोकायच्या, त्यांच्यात हिरव्या फांद्या दाबून विणायच्या, मग चिखल. मेढी कुठून आणायच्या? फांद्या कुठून? भरपूर फांद्यांचा तिवर जवळपास उभा होता तो एकट्या गुणाजीचा, माझा आधीच छाटून विरळ झाला होता.

गुणाजीने बायकोकडे बघितलं. हौसाबाईने कमरेचा कोयता काढला आणि तिवराच्या पुढे जाऊन चिखलात उभी राहिली.

"माज्या झाराला कोनी हात लावाचा नाय," ती म्हणाली. "त्यांनी तोरला, त्यांनी भोगावा. कौलां काढा नि घाला खांडीन!"

"अगं, भात आपलंबी चाललंय," गुणाजी म्हणाला.

"जाऊं दे. पन तिचा बांध माज्या लाकरानी उबा नाय राहाचा."

मी हात जोडले, माझी बायको रडायला लागली, कोणीतरी शिव्या दिल्या. हौसाबाई हलली नाही. तिचंच भात बुडत होतं, पण तिला गंगुबाईची खांड भरायची नव्हती. हेव्याला मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं, आणि कबूल करतो, मला त्याची भीती वाटली.

गंगुबाई इतका वेळ गुडघाभर चिखलात उभी होती. ती महिपतला म्हणाली, "चला घरी. परवीचे वासे काढूं. सागाचे हान, मेढी चांगल्या व्हतील. नाय पुरले तं घराचे काढूं."

"आनि पोर?" महिपतने विचारलं.

"पोराला बाय घेल तिच्या घरान," गंगुबाई म्हणाली आणि हौसाबाईकडे न बघता चालायला लागली.

गर्दीने बाजूला होऊन तिला वाट दिली. मग एक म्हातारी म्हणाली, "ही खरी घरधनीन." दुसरीने मान डोलावली. हौसाबाईने ते ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचा बदल मी आयुष्यात विसरणार नाही. गंगी आता घर देणार! उद्यापासून गावात गंगीचंच नाव. नातवंडांना गोष्ट सांगतील ती गंगीची, स्वतःचं छप्पर मोडून बांध वाचवणारीची. आणि आपण? कोयता घेऊन उभी राहिलेली कोण ती.

"ए गंगे!" हौसाबाई ओरडली. "थांब गं, मोठी आलीस घर देनारी!" आणि वळून पहिली फांदी तिनेच तोडली.

तिने कोणालाही तिवरात येऊ दिलं नाही. फांदी फांदी निवडून स्वतः छाटत होती, खोडाला धक्का न लावता, आणि प्रत्येक फांदीबरोबर गंगुबाईच्या माहेराचा उद्धार करत होती. पाल्याचा ढीग वाढत होता. तरीही गंगुबाईने पडवी मोडलीच, कारण मेढी सागाच्याच बऱ्या होत्या, आणि तीही मागे हटणारी नव्हती. महिपत आणि मी वासे ठोकले, बायकांनी फांद्या विणल्या, पुरुषांनी चिखल ओढला. पुढची भरती लागायच्या आत खांड बुजली. गुणाजीने उघाडी सताड उघडून आतलं खारं पाणी जाईल तेवढं बाहेर काढलं, आणि नंतरच्या पावसाने उरलेलं धुतलं. सगळं भात वाचलं नाही. हौसाबाईच्या सखल शेतातलं सगळ्यात कमी वाचलं. जमीन मात्र वाचली.

बांध कोणाचा, सागाच्या मेढींचा की तिवराच्या फांद्यांचा, यावर त्या दोघी पुढे जन्मभर भांडल्या.

भादव्यात तिवराच्या शेंगा पाण्यावर तरंगायला लागल्या, तेव्हा गंगुबाईने हौसाबाईच्या झाडांखाली जाऊन टोपलीभर गोळा केल्या आणि आपल्या उघड्या तुकड्यापुढच्या चिखलात एकेक करून खोचल्या. हौसाबाईने "चोर" म्हणून गाव गोळा केलं. गावाने ते मनावर घेतलं नाही. उलट गुणाजीच्या सांगण्यावरून असं ठरलं की यापुढे खोड कोणी पाडायचं नाही, फांद्या सगळ्यांनी थोड्या थोड्या छाटायच्या, आणि त्यांच्या बदल्यात आलेली कौलं त्या वर्षी ज्या घराची पाळी असेल त्याच्यावर घालायची. त्र्यंबकशेट कुरकुरला, पण फांद्याही जळतात. घरं हळूहळू कोरडी झाली, गंगुबाईची पडवीही पुन्हा उभी राहिली. एका वर्षी एकच घर, तक्रारी पुष्कळ.

हौसाबाईची पाळी आली तेव्हा तिचे केस पिकले होते. कौलं पुऱ्या छपराची आली, मागच्या उतारासकट. त्या आषाढात पाऊस सुरू झाला आणि ती कुडाजवळ जाऊन ओरडली, "ऐकतंस काय गं गंगे?"

 पलीकडून गंगुबाईचा आवाज आला, नाराजीचा. "ऐकतंय. तुजा तं माज्यापेक्षा जोरान वाजतो."

हौसाबाई इतकी खूष झाली की तिने स्वतः जाऊन पाटा गंगुबाईच्या घरी नेऊन ठेवला, आठवडाभर परत मागितला नाही.

पण गंगुबाईच्या हाताला यश होतं. तिने खोचलेला तिवर नव्या गाळात असा माजला की काही वर्षांत हौसाबाईच्या तिवरापेक्षा उंच झाला. हौसाबाई संध्याकाळी बांधावर जाऊन एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघायची. "माजाच बी, नि तिच्याकरं उंच," असं माझ्याजवळ कितीदा म्हणाली असेल. शेळ्यांना ती गंगुबाईच्या बाजूला सोडायची आणि गंगुबाई परत हाकलायची.

मग एका हिवाळ्यात गंगुबाई तापाने गेली. महिपत आधीच गेला होता. मुलगा, तोच खोकणारा, आता मुंबईला गिरणीत होता. दिवसकार्य उरकल्यावर तो एका व्यापाऱ्याला घेऊन बांधावर आला. घर बंद करायचं, शेत गुणाजीकाकाला कसायला द्यायचं, आणि आईचा तिवर खोडासकट विकून टाकायचा, ते पैसे मुंबईत खोलीला लागतील. त्याचंही काही चुकत नव्हतं. त्यालाही डोक्यावर छप्पर हवं होतं.

हौसाबाई तिथे आधीच उभी होती. कमरेला कोयता.

"काकी, गावाचा नेम मना ठाव हाय," तो म्हणाला. "पन आईचा तिवर हाय ना, तुजा नाय. तुजं काय जातंय?"

गुणाजी बांधाचं काहीतरी सांगायला पुढे झाला. तिने त्याला हाताने मागे सारलं. मला वाटलं आता ती सासऱ्याचा शब्द काढेल, नारळी पुनवेची खांड काढेल. तिने त्यातलं काहीच काढलं नाही. ती त्या उंच तिवराकडे बघत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रागाचं की कशाचं कोण जाणे.

"तुजी आई मेली," ती म्हणाली. "कुरापलीकरं आता पावसान छप्पर वाजंल, पन ऐकाला कोन नाय. हा एक उरलाय माज्यापेक्षा उंच. हा बी तोरलास तं मी हेवा कुनाचा करू?"

तो पोरगा व्यापाऱ्याकडे वळला आणि नको म्हणून हात हलवला. व्यापारी माझ्याकडे बघायला लागला, मी खाडीकडे. मग दोघे स्टेशनाच्या वाटेला लागले.

हौसाबाई चिखलात उतरली आणि गंगुबाईच्या तिवराखालचं वाळलेलं लाकूड वेचायला लागली. मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि घरी गेली. आपल्या दाराशी थांबली नाही. गंगुबाईच्या बंद दाराशी गेली, मोळी तिच्या पडवीत नीट रचून ठेवली आणि मग स्वतःच्या घरी येऊन चूल पेटवली.